उंच छताचा हॉल: कपाटं नकोत, दिवा खाली आणा

प्रश्न : नमस्कार ताई, नोकरीसाठी आम्ही दोघं बर्लिनला आलोय, शंभर वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये भाड्याने घर मिळालंय. हॉलचं सीलिंग ३.६ मीटर, वर प्लास्टरची नक्षी, खाली लाकडी फळ्या, बघताक्षणी आवडलं. पण सोफा आणि टीव्ही युनिट ठेवल्यावर शाळेच्या सभागृहासारखं ओकंबोकं वाटतंय, आवाजही घुमतो. ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याची लाउंज चेअर घ्यायचं डोक्यात आहे, आणि भिंतीला उंच कपाटं लावून टाकू का? ड्रिलिंग फार नको.

उत्तर : कपाटं अजिबात नकोत! त्या नक्षीवर तर तुम्ही भाळलात, मग ती झाकायची कशाला, वरचा भाग मोकळाच राहू द्या. ओकंबोकं वाटतं ते बहुतेक वेळा उजेडामुळे, एकच दिवा पार वर छताला चिकटलेला असतो आणि माणसं बसतात तिथे नुसता अंधुक उजेड. जेवणाच्या टेबलावर दिवा ६०-७० सेंमी उंचीवर हवा, म्हणजे तुम्हाला जवळजवळ दोन मीटर वायर लागेल, ऑर्डर देतानाच लांब मागून घ्या.

छताला हात लावायचा नसेल तर आर्को बघाच. इटलीच्या कास्तिल्योनी बंधूंनी १९६२ साली केलेला दिवा, छताला भोक न पाडता टेबलावर वरून उजेड यावा एवढ्याचसाठी. खाली कॅरारा मार्बलचा साधारण ६५ किलोचा ठोकळा, त्यातून निघालेली स्टीलची कमान दोन मीटर पुढे येते. मार्बलला आरपार भोक आहे ते शोभेचं नाही बरं का, त्यात झाडूचा दांडा घालून दोघांनी दिवा उचलायचा. उंची अडीच मीटरच्या जवळपास, त्यामुळे आपल्याकडच्या नऊ फुटी फ्लॅटमध्ये तो कोंडतो, तुमच्याकडे मात्र वर मीटरभर जागा उरते आणि तेव्हाच ती कमान खरी दिसते. महाग आहे, खूपच. बजेट नसेल तर जपानी-अमेरिकन शिल्पकार नोगुचीचे 'अकारी' नावाचे कंदील घ्या, १९५१ पासून जपानच्या गिफूमध्ये बांबू आणि 'वाशी' या जपानी कागदाचे हाताने बनतात, वजन नगण्य, छतातला जुना हुक पुरतो. फक्त मोठा घ्या, छोटा एवढ्या उंचीत हरवून जातो.

ईम्स चेअर १९५६ ची आणि बुटकी आहे, त्याचं टेन्शन नको, पण हॉलच्या मधोमध एकटी ठेवू नका, खिडकीजवळ ठेवा, शेजारी वाचायचा दिवा, खाली गालिचा. गालिचा मोठा हवा, सोफ्याचे पुढचे पाय त्यावर यायला हवेत, आणि पडदे जाड, जमिनीपर्यंत, आवाज बराच कमी होईल.

पुस्तकं असतील तर एका भिंतीवर जर्मन डिझायनर डीटर राम्सचं '६०६' नावाचं शेल्फ लावा, १९६० चं डिझाइन, घर बदललं की सुटं करून नेता येतं. तेवढं ड्रिलिंग मात्र घरमालकाला विचारून करा, जुन्या भिंतींचं प्लास्टर भुसभुशीत असतं.

पैसे एकदम घालवू नका. आधी दिवा आणि गालिचा आणा, थोडे दिवस राहून बघा, संध्याकाळी तुम्ही कुठे बसता ते कळलं की खुर्चीची जागा आपोआप ठरेल.