सर्व्हर घेताना ड्युअल-कोर आणि ड्युअल-प्रोसेसर यात नेमका फरक काय, कुठला घ्यावा?

ड्युअल-कोर म्हणजे एकाच चिपमध्ये दोन कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), बोर्डावर सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) एकच. ड्युअल-प्रोसेसर म्हणजे बोर्डावर दोन सॉकेट आणि दोन वेगळ्या चिप, आणि त्या प्रत्येक चिपमध्ये परत कितीही कोर असू शकतात, त्यामुळे या दोन गोष्टी एकमेकींना पर्याय नाहीतच खरं तर.

२००५ साली एएमडी कंपनीचे पहिले ड्युअल-कोर ऑप्टेरॉन (सर्व्हरचे प्रोसेसर) आले तेव्हा हा प्रश्न खरंच अवघड होता, आता एएमडीच्याच एपिक या सर्व्हर प्रोसेसरमध्ये २०१९ पासूनच एका सॉकेटला ६४ कोर मिळतात, म्हणून बहुतेकांना एकच सॉकेट पुरतं असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन सॉकेटचा खरा फायदा रॅममध्ये आहे. हल्ली मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, म्हणजे दुसरा प्रोसेसर आला की त्याचे रॅम स्लॉट आणि पीसीआय लेनही (कार्ड, डिस्क जोडायचे मार्ग) येतात. पण एका प्रोसेसरला दुसऱ्याच्या रॅममधला डेटा हवा असेल तर मधल्या लिंकवरून जावं लागतं आणि तिथे वेळ जातो, याला नूमा म्हणतात, मोठ्या डेटाबेसला हे जाणवतं. आणि हो, दोन सॉकेटचा बोर्ड घेऊन एकच प्रोसेसर बसवलात तर दुसऱ्या बाजूचे रॅम स्लॉट चालत नाहीत, हे लोक विसरतात!

लायसन्स आधी बघा. विंडोज सर्व्हर २०१६ पासून कोरवर मोजतात, काही सॉफ्टवेअर अजून सॉकेटवर. व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) खूप चालवायची असतील, रॅम भरपूर लागणार असेल तरच दोन सॉकेट घ्या.