मेंदूतले खोलवरचे भाग आणि लहान मेंदू एकमेकांशी बोलतात का, की सगळं मोठ्या मेंदूच्या कॉर्टेक्समार्गेच (बाहेरच्या थरातूनच) जातं?

बोलतात, आणि त्यासाठी कॉर्टेक्सची परवानगी लागत नाही. 'लहान मेंदू म्हणजे फक्त तोल' म्हणणाऱ्यांशी माझं जुनं वाकडं आहे, म्हणून लिहायला बसलो.

आईला कंपवात (पार्किन्सन). लेवोडोपा (कंपवातात मेंदूत कमी पडणारं डोपामिन हे रसायन भरून काढणारी गोळी) सुरू झाल्यावर तिची चाल मोकळी झाली, कुशीवर वळता येऊ लागलं. पण उजवा अंगठा तर्जनीवर गोळी वळल्यासारखा फिरायचा, तो फिरतच राहिला. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं की हात आणखी जोरात हलायचा. आमचे एक मेव्हणे डॉक्टर आहेत (हाडांचे). भरल्या घरात ते आईला म्हणाले, "डोपामिन मिळालं की कंप थांबलाच पाहिजे. तुम्ही गोळ्या चुकवताय." आई काही बोलली नाही. गोळ्या रोज मी हातावर ठेवायचो आणि ती माझ्यासमोर गिळायची!

कंप ही एकट्या बेसल गँग्लियाची (म्हणजे वरच्या प्रश्नातल्या खोलवरच्या भागांची) करामत नाहीच. तो तिथे सुरू होत असावा, पण त्याला चालू ठेवतं आणि कमी-जास्त करतं ते लहान मेंदू, थॅलॅमस (संदेश पुढे पाठवणारं मधलं ठाणं) आणि मोटर कॉर्टेक्सचं (कॉर्टेक्सचा हालचालींचा भाग) वर्तुळ, असं आता मानतात. त्यामुळे चालीला लागू पडलेली गोळी कंपाला तितकीच लागू पडेल याची खात्री नसते.

रस्ते दोन्हीकडून आहेत. लहान मेंदूतल्या डेंटेट न्यूक्लियस या पेशीसमूहातून निघालेला संदेश थॅलॅमसमार्गे स्ट्रायटमला (बेसल गँग्लियाचा एक भाग) पोचतो, हे २००५ मध्ये दिसलं. उलटा रस्ता सबथॅलॅमिक न्यूक्लियसपासून (हाही बेसल गँग्लियातलाच) पॉन्समार्गे (मेंदूच्या देठाचा भाग) लहान मेंदूत. तो २०१० मध्ये. दोन्ही कामांत मेंदूशास्त्रज्ञ पीटर स्ट्रिक होते आणि हत्यार होतं रेबीजचा विषाणू, कारण तो चेतापेशींच्या साखळीतून उलटा चढत जातो. मेंदूतल्या साधारण ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज लहान मेंदूत आहेत. एवढी फौज काय नुसती माणूस पडू नये म्हणून?

हे प्रयोग माकडांवरचे, हेही सांगायला हवं. माणसात एमआरआयवर तंतूंचा माग काढतात. तसेच जोड दिसतात, पण संदेश कुठून कुठे जातो ते त्यातून कळत नाही.

तुमच्या घरी कुणाला कंप असेल तर गोळ्यांच्या वेळा आणि त्या-त्या वेळचा कंप लिहून न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, म्हणजे 'चुकवताय' म्हणायला कुणाला जागा राहत नाही. डोस मात्र स्वतःच्या मनाने वाढवू नका.