खरेदी अधिकाऱ्याची कटकी : फौजदारी तक्रार कोणत्या कलमाखाली?

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल बनवणारी आपली भागीदारी पेढी आहे. तांब्याची तार खरेदी करणारे ११ वर्षांचे जुने कर्मचारी व्यापाऱ्याकडून किलोमागे ठरावीक रक्कम घेत होते, हे पेढीच्याच मोबाइलवरील संदेशांतून आपल्याला कळले, आणि त्यांच्यावर लाचखोरीचा खटला भरता येईल का, असे आपण विचारता.

लाचखोरीचा नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ लोकसेवकांभोवती रचलेला आहे; खासगी पेढीच्या नोकराने खासगी व्यापाऱ्याकडून घेतलेले छुपे कमिशन, आपल्याकडच्या बाजारात जिला कटकी म्हणतात ती, त्याखाली येत नाही. खासगी क्षेत्रातील लाच गुन्हा ठरवण्याचा विचार करावा, असे सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २०११ साली मान्य केला. तो विचार अद्याप विचारच आहे.

तेव्हा भारतीय न्याय संहितेकडे वळावे लागेल. नोकराने केलेल्या न्यासभंगाचे, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या मालाच्या अपहाराचे, कलम ३१६(४) प्रथम आठवते, परंतु त्यासाठी पैसा वा माल त्याच्यावर सोपवलेला असावा लागतो, आणि आपल्या पत्रानुसार धनादेशांवर सही आपणच करीत होता. म्हणून मला कलम ३१८(४), म्हणजे फसवणूक, अधिक योग्य वाटते. अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती दडवणे हीदेखील कायद्याने फसवणूकच आहे, शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे, आणि व्यापारी सामील असल्यास कट रचल्याबद्दल कलम ६१ लागते. एकाच वस्तुस्थितीवर न्यासभंग व फसवणूक दोन्ही लावण्याची पोलिसांची जुनी सवय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात चुकीची ठरवली आहे. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली; त्यापूर्वीच्या खरेदीसाठी मात्र जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ४२० लिहावे.

सगळे प्रकरण नुकसानीवर तोलले जाईल. व्यापाऱ्याने आपल्या नफ्यातून पैसे दिले, पेढीला तार बाजारभावानेच मिळाली, असा बचाव नक्की येईल. सुदैवाने तांब्याचा भाव रोज जाहीर होतो. प्रत्येक बिलाच्या तारखेचा भाव, त्यावरील घडणावळ, आणि त्याच सुमारास इतर विक्रेत्यांनी दिलेली दरपत्रके एका तक्त्यात मांडावीत. दडपून ठेवलेले एखादे स्वस्त दरपत्रक सापडले, तर ते दहा संदेशांपेक्षा मोलाचे ठरेल. संदेशांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. व्यापारी व्यवहार म्हणून पोलिस आधी प्राथमिक चौकशी करतील. त्याने खचू नये.

त्या गृहस्थांना केबिनमध्ये बसवून, धाक दाखवून कबुलीजबाब किंवा कोरे धनादेश लिहून घेण्याचा सल्ला आपल्याला मिळाला आहे. तसे करू नये. ती खंडणी ठरू शकते आणि फिर्यादीच आरोपी होतो. वसुलीसाठी दिवाणी दावा वेगळा करावा, मुदत फसवणूक कळल्यापासून ३ वर्षे.

पत्राच्या शेवटी, सरकारी वीज कंपनीच्या अभियंत्याला दिवाळीत पाकीट दिल्याचा उल्लेख आपण सहज केला आहे. सरकारी कंपनीचा नोकर लोकसेवक असतो. काम मिळवण्यासाठी ते दिले असेल, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर पेढीला दंड आणि संमती देणाऱ्या भागीदाराला ३ ते ७ वर्षे कैद होऊ शकते. सक्तीने द्यावे लागल्याचा बचाव ७ दिवसांत कळवणाऱ्यालाच मिळतो. तपासात आपली रोजकीर्दही उघडली जाईल, म्हणून तक्रारीपूर्वी हा भाग वकिलासमोर बसून संपूर्ण सांगावा.