मी चित्रकार आहे, फोटोग्राफर नाही. आफ्रिकेतल्या सफारीत पुढच्या चित्रांसाठी फोटो काढायचे तर कोणती लेन्स न्यावी, आणि स्केचबुक न्यावं का?

लेन्सचा प्रश्न तुम्ही सगळ्यात आधी विचारलाय. मीही तेच केलं होतं. मित्राची 600 मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स उसनी घेतली, जीव मुठीत धरून विमानातून नेली, आणि घरी येऊन कागदासमोर बसले तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे सिंहांच्या तोंडांचे ढीगभर फोटो आहेत आणि धड पाय एकाही सिंहाला नाहीत. पंजा गवतात कसा रुततो, सावली कुठे पडते, मागची टेकडी किती फिकट दिसते, काहीच नाही. तसे फोटो नेटवर हजारो मिळतात, तेही माझ्यापेक्षा चांगले.

मी जलरंगात काम करते. फेब्रुवारीत केनियाच्या मसाई मारात पाच दिवस होते. फेब्रुवारी मुद्दाम निवडला, कारण परदेशी पर्यटकांसाठी 2024 पासून मारातलं प्रवेशशुल्क जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे. नदी ओलांडणारे वाइल्डबीस्टचे कळप बघायचे असतील तर जुलैनंतरच जायला हवं, पण चित्रासाठी त्या गर्दीची गरज आहे का ते आधी ठरवा. मला नव्हती.

आता लेन्स. लांबच्यासाठी 100-400 मिमीची झूम पुरे, आणि सोबत रुंद दृश्यासाठी एक साधी 24-70 किंवा चक्क मोबाइल. प्रत्येक प्राण्याचे मी शेवटी तीन फोटो काढायला लागले: एक जवळून, एक पूर्ण अंगाचा पायाखालच्या जमिनीसकट, आणि एक इतका लांबून की प्राणी नखाएवढा दिसावा. तिसरा फोटो बघून गाडीतले लोक हसतात. चित्र बहुतेक वेळा त्याच्यातूनच निघतं.

आपल्याला ताडोबाची सवय. तिथे ऊन पानांतून गाळून येतं. मारात गवताचा समुद्र आणि अधूनमधून एखादं छत्रीसारखं झाड. शिवाय जागा विषुववृत्ताला इतकी चिकटून आहे की सूर्य तिरका न जाता सरळ वर चढतो. पावणेसातच्या सुमाराला उगवतो आणि साडेआठला तो सोनेरी प्रकाश संपलेलाही असतो. फोटोग्राफर मग नाश्त्याला परततात. तुम्ही परतू नका, निदान एक दिवस तरी. दुपारी बाराला सावली प्राण्याच्या पोटाखाली गोळा होते आणि तापलेल्या पिवळ्या गवताचा उजेड खालून पोटावर चढतो. झेब्र्याचं पोट मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. तिथले पांढरे पट्टे पांढरे नव्हतेच, पातळ यलो ऑकरसारखे होते. पाठीवरचे पांढरे मात्र आभाळाचा निळसरपणा घेऊन बसलेले. एकाच प्राण्यावर दोन पांढरे! कॅमेऱ्यानं या सगळ्याचं सरसकट पांढरं केलं आणि सावलीचा काळा डाग. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: स्केचबुक हवंच, पण चित्र काढायला नाही, रंग लिहून ठेवायला. माझ्या वहीत त्या पानावर चित्र नाहीच, फक्त 'पोट: ऑकर + किंचित गुलाबी, पाठ: कोबाल्ट अगदी पाण्यासारखा' एवढंच आहे. घरी आल्यावर त्या फोटोपेक्षा ही ओळ कामाला आली. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, म्हणजे सावलीतलं थोडंफार परत मिळवता येतं.

टोपी नावाच्या हरणाला वेळ द्या. हो, नाव खरंच टोपी आहे. सिंहाच्या घाईत सगळ्या गाड्या त्याच्या बाजूनं सुसाट निघून जातात. अंग तांबूस तपकिरी, मांड्यांवर निळसर जांभळे डाग आणि खाली पिवळट पाय. तिथले गाइड म्हणतात, यानं निळी जीन्स आणि पिवळे मोजे घातलेत. वर हा गडी वारुळावर चढून पुतळ्यासारखा उभा राहतो, म्हणजे मॉडेल म्हणून आयताच. बर्न्ट सिएना ओला असताना त्यात अल्ट्रामरीन सोडला तर त्या मांडीच्या जवळ जाता येतं. मला ते सहाव्या कागदावर जमलं.

पळणाऱ्या प्राण्याचा मात्र एकच सुंदर फोटो काढून थांबू नका. कॅमेरा बर्स्टवर ठेवा, म्हणजे बटण दाबून धरलं की एकामागोमाग फोटो निघतात, शटर 1/1600 किंवा त्याहून वेगवान, आणि सगळी मालिका जपून ठेवा. 1878 साली मायब्रिज या फोटोग्राफरनं धावत्या घोड्याचे ओळीनं फोटो काढले, तोवर कित्येक चित्रकार घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून तो हवेत दाखवत होते. घोडा हवेत असतो तेव्हा त्याचे पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. आपणही अंदाजानं काढायला गेलो की हात तीच जुनी चूक करतो.

गाडीचं आधीच स्पष्ट करून घ्या, लेन्सपेक्षा हे महत्त्वाचं. अनोळखी लोकांबरोबर गाडी वाटून घेतलीत तर तुम्ही टोपीसमोर चाळीस मिनिटं थांबू शकणार नाही. माझ्याच गाडीत पहिल्या दिवशी एका कुटुंबाची 'बिग फाइव्ह'ची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) यादी होती आणि मी त्या यादीतली सहावी अडचण. दुसऱ्या दिवसापासून पैसे जास्त भरून वेगळी गाडी घेतली. ड्रायव्हरला म्हटलं, सिंह नाही दिसला तरी चालेल, पण मी सांगेन तिथे इंजिन बंद करून थांबायचं. त्यानं आधी संशयानं पाहिलं. तिसऱ्या दिवशी तोच मला हाक मारून दाखवू लागला, ते बघा, चिखलात लोळून आलेला हत्ती अर्धा काळा, अर्धा राखाडी. झेब्र्याला स्वाहिलीत 'पुंडा मिलिया' म्हणतात, म्हणजे पट्ट्यांचं गाढव, हेही त्याच्याकडूनच कळलं.

गाडीतून उतरता येत नाही, त्यामुळे ट्रायपॉड घरीच ठेवा. रिकामी कापडी पिशवी न्या. मी नैरोबीत तीन किलो राजमा घेऊन ती भरली. गाडीच्या उघड्या छताच्या कडेवर ठेवली की त्यावर लेन्स मस्त बसते. निघताना राजमा कॅम्पच्या स्वयंपाकघरात देऊन टाकला.

धूळ इतकी की मी एकदाच, फक्त एकदाच, बाहेर लेन्स बदलली आणि पुढच्या सगळ्या फोटोंत आभाळात तीन ठिपके. आणि धुळीत एक सर आली की तिचा चिखल होतो, तो मात्र मी ओळखला. मी मूळची परभणीची. ती तीच काळी, कापसाची माती, चाकाला धरली की सोडत नाही. संध्याकाळी तासभर अडकलो, दुसऱ्या गाडीनं दोर लावून ओढलं. त्या तासातला माझा सगळ्यात आवडता फोटो म्हणजे टायरच्या खोल चाकोरीत साचलेलं पाणी आणि त्यात उलटं आभाळ. त्यात प्राणी एकही नाही.

तयारीचं थोडं: पिवळ्या तापाची लस निघण्याच्या दहा दिवस आधी तरी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, कारण परत येताना ते भारतातही मागतात. ड्रोन न्यायचा विचारही नको. मसाई माणसांचे फोटो आधी विचारूनच काढा, नाही म्हणाले तर नाही. पहाटेला स्वेटर लागतोच, मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे. त्याच उंचीमुळे आणि वाऱ्यामुळे दुपारी वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, पसरायच्या आत वाळतो, म्हणून मोठे वॉश तिथे करायला जाऊ नका, वॉटरब्रश (दांड्यात पाणी भरलेला ब्रश) आणि सहा रंगांची डबी पुरते.

वही ए-5च घ्या. मी मोठी नेली होती, उघड्या छतातून वारा सुटला की पानं फडफडायची आणि शेजारचे झेब्रे उधळायचे.