वाचकांचे प्रश्न : दागिन्यात वास्तू कशी उतरवावी?

प्रश्न : मी घरीच चांदीचे दागिने घडवते. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधील घरांवरून मी कर्णफुले केली. उतरते छप्पर, दार, खिडक्या सारे करवतीने कापून काढले. लोक कौतुक करतात, पण विकत कोणी घेत नाही, आणि कोपरे ओढणीत अडकतात. काय बदलावे? वास्तूचे नाव लिहून विकावे का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : आपण पाठवलेल्या छायाचित्रांवरून आपला हात चांगला बसलेला दिसतो. अडचण आहे ती वास्तूतले काय उचलायचे, याच्या निवडीत. दार-खिडक्यांसह लहान केलेले घर कितीही सफाईने कापले, तरी ते शोभेची वस्तूच वाटते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात साकारलेल्या या वसाहतीचे मर्म तिच्या नकाशात आहे : साधारण ८ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती सात घरे, अशा तीन गटांच्या मध्ये सुमारे १२ मीटरचे मोठे अंगण, आणि दोन घरांत सामाईक भिंत नसल्यामुळे शेजाऱ्याला धक्का न लावता प्रत्येकाला आपले घर वाढवण्याची मोकळीक.

मला विचाराल, तर कर्णफुले बाजूला ठेवून या अंगणाचे गळ्यात घालायचे पदक करावे. एका मीटरला एक मिलिमीटर धरल्यास अंगण ८ मिलिमीटरचे होते. त्याभोवती त्याच मापाच्या आठ चौकोनांची जागा असते. सात ठिकाणी घरांसाठी चांदीचे चौकोनी पत्रे बसवावेत आणि खालची मधली जागा अंगणात शिरण्याची वाट म्हणून मोकळी सोडावी. पत्रे एकमेकांना टेकू न देता मागून तारेच्या चौकटीवर झाळावेत, म्हणजे झाळ (सांधा जोडणारा, लवकर वितळणारा मिश्रधातू) वितळवून जोडावेत. पत्रा १ मिलिमीटर जाडीचा घेतला, तरी साती मिळून वजन पाच ग्रॅमच्या आत राहते.

छपराच्या उतारासाठी प्रत्येक पत्र्याच्या पाठीवर मधोमध तिकोनी कानशीने खाच पाडावी, पत्रा तापवून नरम करावा, अलगद दुमडावा आणि खाचेत झाळ भरावी. येथे जास्त उष्णतेला वितळणारी झाळ वापरावी व चौकटीसाठी कमी उष्णतेची, नाहीतर दुसऱ्या तापवणीत आधीचे सांधे सुटतात. काही पत्र्यांची घडी उभी, काहींची आडवी ठेवल्यास प्रत्येक छपरावर प्रकाश वेगळा पडतो, आणि मला या कामात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. झिलई फक्त घडीच्या कडेला द्यावी.

कोपरे गोलसर केल्यावर जुन्या शिफॉनच्या तुकड्यावर घासून पाहावेत. धागा ओढला गेला, तर पुन्हा कानस मारावी. अंगणात खडा बसवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्या रिकाम्या चौकोनातून नेसलेल्या साडीचा रंग दिसायला हवा.

नावाविषयी : सोबतच्या चिठ्ठीवर वसाहतीचे व वास्तुरचनाकाराचे नाव देऊन ‘यावरून प्रेरित’ असे स्पष्ट लिहावे, हा दागिना त्यांच्या संमतीने घडवला आहे, असा समज होईल असे शब्द वापरू नयेत.