फुकट टॅब आणि १९९ रुपये ‘डिलिव्हरी’

प्रश्न : आमच्या भिशीच्या ग्रुपवर ‘दहावी पास मुलींना सरकारकडून मोफत टॅब’ अशी लिंक आली. माहिती भरली, सांगितल्याप्रमाणे १५ ग्रुपना पाठवली. आता डिलिव्हरीचे १९९ रुपये मागत आहेत. मुलगी अकरावी सायन्सला आहे. शेजारच्या वहिनींच्या भाच्याला खरोखर सरकारी टॅब मिळालाय. मग भरू का? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : भरू नका. भाच्याचा टॅब मात्र खरा असू शकतो, आणि याच गोष्टीवर ही फसवणूक उभी आहे. ‘महाज्योती’ ही राज्य शासनाची संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, जेईई-नीट-सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना प्रशिक्षणासोबत टॅब आणि डेटा देत आली आहे. पण तिथं रीतसर अर्ज असतो. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, रहिवासी दाखला, दहावीची गुणपत्रिका, सायन्सच्या प्रवेशाचा पुरावा जोडावा लागतो, मग निवड होते. मुलगी या प्रवर्गात बसत असेल तर अर्ज कधी सुटतो यावर जरूर लक्ष ठेवा.

तुम्हाला आलेल्या लिंकमध्ये ‘महाज्योती’ हा शब्द असेलही. पत्ता उजवीकडून वाचा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडचे तुकडे बघा. खरा पत्ता ‘महाज्योती डॉट ओआरजी डॉट इन’ इथंच संपतो. त्याच्यापुढे ‘डॉट फ्रीटॅब डॉट टॉप’ असं शेपूट असेल तर ते पान फ्रीटॅबवाल्याचं. सुरुवातीचं ‘महाज्योती’ हे नाव नुसती पाटी.

१५ ग्रुपची अट तर निव्वळ देखावा आहे. तुम्ही कोणाला काय पाठवलं हे व्हॉट्सॲप त्या पानाला कळवत नाही. बटण दाबून नुसतं मागं आलात तरी ‘किती ग्रुपना पाठवलं’ हे दाखवणारी त्या पानावरची हिरवी पट्टी पुढं सरकते. त्यांना हवा असतो तुमच्या ओळखीचा विश्वास. म्हणून आधी त्या १५ ग्रुपवर ‘ही लिंक खोटी आहे, उघडू नका’ एवढं लिहा.

आणि १९९ च का? एवढ्या रकमेला कुणी फार विचार करत नाही. पैसे भरताना यूपीआयच्या पडद्यावर ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ हा शब्द दिसला, तर तुम्ही एकदाच नव्हे, दर महिन्याला पैसे कापायची परवानगी देत असता. अशा हप्त्याला १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन विचारला जात नाही. कार्डाचा नंबर दिला असेल तर बँकेच्या ॲपमधून आंतरराष्ट्रीय वापर आजच बंद करा, कारण परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवायही रक्कम वळती होऊ शकते.

प्रश्न : ‘मोफत स्मार्टवॉच’साठी मुलानं व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) टाकली. थोड्या वेळात खात्यातून ८,००० गेले. आता काय करावं? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : त्या फोनचं वाय-फाय आणि डेटा बंद करा, विमान मोडवर टाका. असल्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी तुमच्याआधी चोराकडे पोचतो; म्हणून त्याच फोनवरून पासवर्ड बदलण्यात अर्थ नाही. दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव हाताशी ठेवा. पैसा पुढच्या खात्यात पडून आहे तोवरच गोठवता येतो, म्हणून पोलीस ठाण्यात जाण्याआधी हा फोन. लगोलग बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चूक ग्राहकाची असली, तरी कळवल्यानंतर गेलेली रक्कम बँकेच्या माथी असते. उशिराचा प्रत्येक तास तुमच्या खिशातून जातो.

ॲप काढता येत नसेल तर आधी सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ या दोन्ही ठिकाणी त्याची परवानगी काढा. तरी आमचं मत असं, की फोटो दुसरीकडे उतरवून फोन फॅक्टरी रीसेट करावा. मुलाला रागावू नका. पुढच्या वेळी त्यानं पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं.

प्रश्न : राजारामपुरीतल्या दुकानाच्या पानावर टीव्हीसोबत साउंडबार मोफत आहे. हेही खोटंच का? (एक वाचक, कागल)

उत्तर : नाही. दुकान जागेवर आहे, बिल मिळतं आणि साउंडबारची किंमत बहुधा टीव्हीत धरलेली असते. ‘साउंडबार नको, टीव्ही कितीला?’ असं विचारा, ती किंमत कळेल. घेतलात तर बिलावर साउंडबारचंही मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, नाहीतर सर्व्हिस सेंटरला दाखवायला वॉरंटीचा पुरावा राहत नाही.