झेब्राफिशच्या भ्रूणातल्या पहिल्या रोगप्रतिकारक पेशी : तुमच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : मोठ्या माशात रक्तपेशी मूत्रपिंडात तयार होतात. भ्रूणात ते अजून घडलेलेच नसते, मग पहिल्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) येतात कुठून?

डोक्याकडच्या मध्यस्तरातून (भ्रूणाच्या मूळ थरांपैकी मधल्या थरातून). फलनानंतर साधारण १२ तासांनी, जिथे पुढे हृदय घडणार त्याच्याही पुढच्या पट्ट्यातल्या काही पेशींमध्ये पीयू.१ हे जनुक जागे होते. या पेशी मध्यरेषेकडे सरकतात आणि तिथून बलकावर उतरतात. बलकाचा बाहेरचा थर आणि त्वचा यांच्यामधल्या अरुंद फटीत त्या पसरतात आणि तिथेच परिपक्व होतात. २४ तासांच्या सुमारास रक्त वाहू लागले की काही त्यात शिरतात, तर काही रक्ताची वाट न धरता थेट डोक्याच्या ऊतीत जातात. तांबड्या पेशी मात्र मागच्या, शेपटीकडच्या मध्यस्तरातून येतात. दोघींचे उगमस्थान वेगळे आहे, हे विसरले की पुढची बरीच निरीक्षणे चुकीची वाचली जातात. हा प्रवास फिलिप एर्बोमेल, बर्नार तिस आणि क्रिस्टीन तिस यांनी १९९९ मध्ये जिवंत भ्रूणात टिपून दाखवला. भ्रूण पारदर्शक असल्यामुळे ते शक्य झाले.

प्रश्न : आमचे भ्रूण बरोबर २४ तासांचे होते, तरी बलकावर मोजक्याच पेशी दिसल्या. काय चुकले?

बहुधा तापमान. पुस्तकातले तास २८.५ अंश सेल्सियसला धरलेले असतात. इतर तापमानासाठी हिशेब सोपा आहे : तापमानाला ०.०५५ ने गुणा, त्यातून ०.५७ वजा करा आणि येणाऱ्या आकड्याने पुस्तकातल्या तासांना भागा. २५ अंशांना हा आकडा ०.८०५ येतो, म्हणजे २४ तासांचा टप्पा गाठायला जवळपास ३० तास लागतात. तुमची खोली २५ अंशांची असेल, तर तुम्ही पाहिलेले भ्रूण प्रत्यक्षात १९ तासांच्या टप्प्यावर होते. म्हणून वहीत तासांबरोबर पाठीवरच्या कायखंडांची (स्नायू आणि मणके ज्यांतून घडतात त्या लहान खंडांची) संख्याही लिहा : १८ तासांना १८, २२ तासांना २६. एका बशीत ५०-६० पेक्षा जास्त अंडी ठेवू नका आणि मेलेली पांढरी अंडी लगेच काढा, नाहीतर उरलेल्यांची वाढ मागे पडते.

प्रश्न : जंतू टोचल्यावर मॅक्रोफेज ते गिळतात का, हे पाहायचे आहे. पद्धत सांगाल का?

३० तासांचा भ्रूण घ्या. काळे रंगकण दृष्टी अडवतात, म्हणून २२-२४ तासांपासूनच पाण्यात ०.००३ टक्के पीटीयू (रंगकण बनू न देणारे रसायन) ठेवा. हे विषारी आहे, हातमोजे घाला. बारीक चिमट्यांनी अंड्याचे कवच सोडवा. भुलीसाठी दर मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम ट्रायकेनचे द्रावण ट्रिस या बफरने सामू (पीएच) ७ वर आणून ठेवा आणि त्यातले ४.२ मिलिलिटर सुमारे १०० मिलिलिटर पाण्यात मिसळा. सामू न साधता वापरलेले ट्रायकेन आम्लधर्मी असते आणि भ्रूण विनाकारण दगावतात.

जंतू चमकणारे ई. कोलाय असावेत, मीठपाण्यात धुतलेले, त्यात थोडा फिनॉल रेड हा लाल रंग. सुई मोजून घ्या : तेलात सोडलेल्या थेंबाचा व्यास ०.१२५ मिलिमीटर भरला तर तो १ नॅनोलिटर. एका भ्रूणाला १ ते २ नॅनोलिटर पुरे. बलकावरून हृदयाकडे जाणाऱ्या रुंद शिरेत टोचा. लाल रंग क्षणात हृदयाकडे वाहिला तर जागा बरोबर साधली. लाल डाग बलकातच थांबला तर तो भ्रूण बाजूला काढा. बलकात मॅक्रोफेज पोहोचू शकत नाहीत. जंतू तिथे निर्धास्त वाढतात आणि निष्कर्ष पूर्ण उलटा निघतो. ही चूक सर्वांत जास्त होते, म्हणून टोचताना एकेक भ्रूण तपासा.

नुसते मीठपाणी टोचलेला गट हवाच. सुईची जखमदेखील पेशींना बोलावते.

प्रश्न : रक्तात टोचलेले जंतू मॅक्रोफेजनी खाल्ले, पण त्वचेखाली टोचलेले तेच जंतू न्यूट्रोफिल या दुसऱ्या जंतू गिळणाऱ्या पेशींनी. कोणता प्रयोग चुकला?

कोणताच नाही. या वयात न्यूट्रोफिल ऊतीच्या पृष्ठभागावर सरपटत, वाटेत चिकटलेले जंतू वेगाने उचलतात. द्रवात तरंगणारे जंतू त्यांना फारसे पकडता येत नाहीत. ते काम मॅक्रोफेज करतात. त्यामुळे अहवालात ‘जंतू टोचले’ एवढेच लिहिणे अपुरे आहे, कुठे टोचले ते लिहा.

प्रश्न : दोन्ही पेशी वेगळ्या ओळखायच्या कशा?

न्यूट्रोफिलसाठी, स्थिरीकरणानंतर (भ्रूण रसायनाने मारून जसाच्या तसा टिकवल्यावर) सुदान ब्लॅक हा रंग. त्यांचे कण गडद होतात. मेंदूत वसलेल्या मॅक्रोफेजसाठी, म्हणजे मायक्रोग्लियासाठी, जिवंत पिल्लाला तिसऱ्या दिवसानंतर न्यूट्रल रेड, दर मिलिलिटरला २.५ मायक्रोग्रॅम, काही तास. जनुकीय पडताळा अधिक पक्का : पीयू.१ रोखले तर दोन्ही पेशी जातात. आयआरएफ८ हे जनुक रोखले तर मॅक्रोफेज जातात आणि न्यूट्रोफिल वाढतात. ही वाढ पाहून ‘न्यूट्रोफिल उत्तेजित झाले’ असे लिहू नका. पूर्वज पेशींनी नुसती दिशा बदललेली असते.

प्रश्न : पाच दिवसांच्या पिल्लात टी पेशींचा प्रतिसाद मोजता येईल का?

नाही. थायमसमध्ये (टी पेशी जिथे घडतात त्या ग्रंथीत) पूर्वज पेशी तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पोहोचतात, पण शिकून ओळखणारी प्रतिकारशक्ती कामाला लागायला ४ ते ६ आठवडे जातात. तोवर जे दिसते ते जन्मजात प्रतिकारशक्तीचेच काम.